रिकाम्या हातांची दंडार

मुंबईकडे अणुभट्टी पेटली. धूर निघाला नाही.

रंभेनं शिंगाडे उकडायला घातले.

कार्बनला चार हात असतात.

पळसटोल्याच्या पोचूनं वडशाहून हार्मोनियमची पेटी आणली. गाडीत तिच्यावर घोंगडी पांघरली आणि स्वतः कुडकुडत आला.

नायलॉनचं जाळं पाण्यात कुजत नाही, असं म्हणतात.

लटारूनं मिशी काढली.

*

शेवटच्या तुकड्यापासून धरू, कारण तो दरवर्षीचा आहे.

दिवाळी झाली की चांदा जिल्ह्यातल्या झाडीच्या मुलखात गावोगाव मंडई भरते, आणि मंडईत भर दुपारी दंडार नाचते. दंडार म्हणजे रिंगण, ढोलकी, टाळ, पायांत घुंगरं आणि मधोमध लुगडं नेसलेला एक पुरुष. चिचतळीच्या दंडारीतली ही बाई म्हणजे लटारू ढिवर. एरवी तलावात जाळं टाकणारा, खांद्यानं रुंद, आवाजानं घोगरा. पण मिशी काढली, लुगडं नेसलं, डाव्या कमरेवर पितळेची घागर चढवली, की त्याच्या चालण्यात असं काही यायचं की बघणाऱ्या बाया आपापला पदर सारखा करायच्या. घागर म्हणजेच त्याची बाई. ती कमरेवर आहे तोवर तो बाई. खाली टेकली की बाई संपली, लटारू उरला. म्हणून नाच चालू असताना ती कधी खाली टेकली नव्हती.

आता खरी अडचण. चिचतळीच्या मंडईत दोन दंडारी समोरासमोर नाचतात, एक चिचतळीची, एक पलीकडच्या पळसटोल्याची. सूर्य बुडताना पंच दोन्ही रिंगणांभोवतीचे बघे नजरेनं तोलतो. ज्याच्याभोवती बघे जास्त, तो जिंकला. आणि जो लागोपाठ तिसऱ्यांदा हरला, त्यानं आपली ढोलकी समोरच्याच्या गळ्यात घालायची. चिचतळी दोनदा हरली होती. ही ढोलकी लटारूच्या बापानं शिवणीच्या खोडातून कोरलेली. ती गेली की दंडार गेली, आणि दंडार गेली की लटारूनं बारा महिने नुसते मासे मारायचे. मासे मारायला त्याची ना नव्हती. पण बारा महिने?

त्यात पोचूची पेटी. आणि चिचतळीकडे कथा त्याच: राजाची, राक्षसाची, सावत्र आईची. लोक त्या इतक्यांदा बघून बसले होते, की राक्षस यायच्या आधीच पोरं त्याला बसायला जागा करून द्यायची.

*

लटारूचा भाचा केवळराम नागपूरहून परत आला तो इंटर सायन्समध्ये नापास होऊन. फक्त रसायनात. गावातला कॉलेजात गेलेला तो पहिलाच, त्यामुळे नापास होणाराही तो पहिलाच, आणि गावाला यातलं कौतुक कुठे संपवायचं आणि दुःख कुठे सुरू करायचं ते कळेना. तो दिवसभर तलावाच्या पाळीवर पुस्तक घेऊन पुटपुटत बसे. शेजारी लटारू जाळं शिवत बसे.

"का पुटपुटून राह्यला बे?"

"पानी, मामा."

"पानी समोर हाये. त्याचं पुटपुटाचं का?"

"पानी बनते कसं, ते. ऑक्सिजनचे दोन हात रिकामे राह्यते. हायड्रोजनचा एकच. दोन हायड्रोजन येते, एकेक हात धरते. झालं पानी."

"हात धरून राह्यले तं पानी?"

"हो."

"आन सोडले तं?"

"असे नाई सोडत. इजेचा झटका द्या लागते."

लटारूनं सुई दातात धरली. मग काढली. "म्हंजे ढोलकी थांबेपर्यंत हात सोडाचा नाई, तसं?"

दंडारीचा तो नेमच आहे. रिंगणात एकदा धरलेला हात ढोलकी थांबेपर्यंत सोडायचा नाही. सोडला तर देवी रागावते, आणि देवी रागावली की काय होतं ते कोणी सांगत नाही, कारण सोडून कोणी पाहिलेलं नाही.

"तसंच समजा," केवळराम म्हणाला.

"आन तुह्या त्या पुस्तकात असं किती हाये?"

"सगळंच असं हाये, मामा. कोन कोनाचा हात धरते, कोन सोडते. दुसरं काईच नाई त्याच्यात."

लटारूनं जाळं बाजूला ठेवलं.

"मंग तू नापास कसा झाला बे? ही तं दंडार हाये."

*

तालमीतून. जागा: मनसाराम ढोलकीवाल्याचं खळं.

कार्बन. चार हात पाहिजेत. एका माणसाला दोनच. तेव्हा दोन माणसं पाठीला पाठ लावून एका धोतरात बांधली. बांधायला मिळाले ते दोघे साडू, धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, त्यांची बोलचाल बंद. एक पूर्वेला निघाला की दुसरा हटकून पश्चिमेला ओढायचा. कार्बन जागच्या जागी गरगर फिरू लागला.

"हा कार्बन कोनाचा हात कसा धरन?" लटारू म्हणाला.

"खरा कार्बन असाच चारी बाजूनं ओढते," केवळराम म्हणाला. त्याचे डोळे चमकायला लागले होते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते असे कधी चमकले नव्हते.

ग्लुकोज. सहा कार्बन. म्हणजे बारा पुरुष, शिवाय ऑक्सिजन, शिवाय हायड्रोजन. मग त्यातून सडून होते दारू आणि वायू.

"मोहाची गोष्ट," मनसाराम ढोलकीवरून म्हणाला. "हे लोकायले समजन."

"समजन, पन गावात इतके बिनधंद्याचे पुरुष नाई."

"आहेत," रंभा कुडाआडून म्हणाली. रंभा लटारूची बायको. "पन ते सगळे दारूतच जाईन म्हनते."

ग्लुकोज रद्द.

युरेनियम. हा सगळ्यांत जड, अंगात नको तितकं भरलेलं, कधीही फुटेल असा. दंडारीतला मुखरू आणि त्याचा भाऊ एका घोंगडीत, दोघांच्या मुठीत शिंगाडे. असे घोंगड्यांचे चार-पाच जोड मैदानात. बाहेरून एक शिंगाडा येऊन लागला की घोंगडी फाकायची, दोघे दोन दिशांना पळायचे, पळताना हातातले शिंगाडे दुसऱ्या घोंगड्यांवर फेकायचे. त्या फुटायच्या. मग पुढच्या.

"थांबते कसं?" लटारूनं विचारलं.

"मधात एक मानूस ठेवा लागते. कॅडमियम. उडालेले शिंगाडे तो पकडून खाऊन टाकते. मंग जास्त फुटत नाई."

शिंगाडे खाऊन टाकणारा माणूस शोधायला कुठे जावं लागलं नाही. घनश्याम समोरच उभा होता, आणि तो आधीच खात होता.

"अवो, एक ध्यानात ठेवा," रंभा म्हणाली. "अणू तुमचा, शिंगाडे माहे. मले मंडईत विकाचे हाये."

निष्क्रिय वायू. हेलियम, निऑन, आरगॉन, क्रिप्टॉन, झेनॉन. केवळरामनं नावं घेतली तशी सगळ्यांनी ती एकदा म्हणून पाहिली, तोंडात चणे फिरवावेत तशी.

"हे कोनाचा हात धरते?"

"कोनाचाच नाई. यायचे हात आपल्याच मांडीवर. पुस्तकात लिहून हाये. काही करा, कोनाशीच जुळत नाई."

लटारू हसला. "असा मानूस आपल्या मंडईत एकच हाये. सोमाजी पाटील."

सोमाजी पाटील म्हणजे मंडईचा पंच. आणि पंचाचा नेम असा की मंडईच्या दिवशी सूर्य बुडेपर्यंत त्यानं कोणाचा हात हातात घ्यायचा नाही. मुठीत कोणी काही सरकवलं असं उद्या कोणी म्हणायला नको. घेतला, तर त्याची पंचकी त्या दिवसापुरती संपली. त्याच्या बापानंही हा नेम पाळला होता, आजानंही. मंडईच्या दिवशी सोमाजी लांबूनच रामराम करायचा, काठी दोन्ही हातांत छातीशी धरून, आणि दिवसभर एकटाच उभा राहायचा.

"पोट मोठं हाये त्याचं," केवळराम विचार करून म्हणाला. "म्हंजे झेनॉन. तो या सगळ्यायच्यात मोठा."

"त्याले सांगू?"

"नोका सांगू. झेनॉनले कोनी सांगतलं नाई, तो झेनॉन हाये म्हनून."

*

आणि सगळ्यात शेवटी इथिलीन.

हे ऐकताना लटारू उठून उभा राहिला आणि मग बसलाच नाही.

इथिलीन म्हणजे जोडी. समोरासमोर दोघं, दोन्ही हात एकमेकांच्या हातांत, फुगडीला धरतात तसे. अशा हजारो जोड्या नुसत्या भटकत असतात. मग एक असा येतो ज्याचा एकच हात रिकामा. तो एका जोडीतल्या एकाचा हात धरतो. झालं, जोडी अर्धी उघडली. दोघांचा एक हात एकमेकांत राहिला, पण पलीकडच्याचा दुसरा हात मोकळा पडला. मोकळा हात गप्प बसत नाही. तो पुढच्या जोडीला धरतो. ती उघडते. तिचा हात मोकळा. तो पुढची धरतो.

"लांबच लांब साखळी होते, मामा. मंग तिच्या पिशव्या बनवा, थाळ्या बनवा, का बी बनवा. असंच दुसऱ्या जातीच्या साखळीचं नायलॉन. त्याचे जाळे निंगाले म्हने जपानात."

"हात धरून उभे राह्यले तं जाळं?"

"जाळंच."

लटारूनं आपल्या हातातल्या सुती जाळ्याकडे पाहिलं. दर पंधरवड्याला ते ऐनाच्या सालीच्या काढ्यात उकळावं लागे, नाही तर कुजे. त्याच्या मनात आलं, या धाग्यातही कोणीतरी कोणाचा तरी हात धरून उभं असेल, आणि आपण त्यांना पंधरवड्याला उकळतो.

"सुरुवात करनारा तो एका हाताचा," तो म्हणाला. "तो मीच. एक हात घागरीले, एक रिकामा."

"तुमीच."

"आन थांबते कशी साखळी?"

मनसारामची ढोलकीवरची बोटं थांबली.

"तेच तं पेपरात विचारलं होतं," केवळराम म्हणाला.

"तू का लिवलं?"

"मी लिवलं, थांबत नाई."

"मंग?"

"मास्तरनं लाल रेघ मारली. त्या धड्याले मी झोपलो होतो, मामा."

"नाई थांबत तं नाई थांबत," लटारू म्हणाला. "आपल्याले तं तेच पायजे."

*

मंडई.

तलावाच्या काठचं माळरान. गुळाची शेव, मातीचे बैल, आरसे, फुगे, कासारांच्या बांगड्या, जाती आणि पाटे, एक उंट. उंट कोणाचा ते शेवटपर्यंत कळलं नाही. मधोमध मोहाचं मोठं झाड. झाडाच्या अलीकडे चिचतळीचं रिंगण, पलीकडे पळसटोल्याचं. झाडाखाली सोमाजी पाटील, काठी छातीशी.

पोचूनं पेटी उघडली आणि मंडई तिकडे कलली, जशी नावेत एका बाजूला माणसं गेली की नाव कलते. चिचतळीच्या रिंगणाभोवती उरले ते नात्यातले. नात्यातल्यांचेही पाय तिकडे वळलेले, फक्त तोंडं लाजेनं इकडे.

"युरेनियम," लटारू म्हणाला.

घोंगड्या मैदानात आल्या. लोकांना वाटलं थंडी वाजतेय. मग लटारूनं ठुमकत जाऊन रंभेच्या टोपल्यातून एक शिंगाडा उचलला आणि मुखरूच्या घोंगडीवर हाणला.

फाट.

मुखरू इकडे, भाऊ तिकडे, शिंगाडे चौफेर. दुसरी घोंगडी फाकली. तिसरी. घनश्याम मधोमध उभा राहून झेलत होता आणि खात होता, झेलत होता आणि खात होता, आणि सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे चाललं होतं. एवढ्यात घनश्याम थांबला. पोटावर हात ठेवला. आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला, "बस झालं."

त्यानंतरचं केवळरामच्या हातात राहिलं नाही. शिंगाडे लोकांना लागले. लोकांनी ते उचलले. काहींनी खाल्ले, पण खाण्यापेक्षा फेकण्यात मजा जास्त आहे हे मंडईला फार लवकर समजलं. ज्याला लागला त्यानं दोघांना मारला. ज्या दोघांना लागला त्यांनी चौघांना. पळसटोल्याच्या बाजूनं माणसं हसत पळत आली, काही शिंगाडे खायला, काही फेकायला, आणि बाकीची काय झालं ते विचारायला. उंटाला एक लागला. तो बसला.

"माहे शिंगाडे," रंभा म्हणाली. मग तिनंही एक उचलला आणि नेम धरून आपल्या नणंदेला मारला.

रिंगण भरलं. मग कार्बन आला. साडू गरगर फिरले, फिरता फिरता धुऱ्यावरून भांडले, आणि सगळ्या गावासमोर त्यांची बोलचाल सुरू झाली. लोक पोट धरून हसले. पण हसणं शिंगाड्यासारखं असतं, संपतं. पलीकडे पोचूनं पेटीचा भाता जोरात ओढला आणि घोगऱ्या आवाजात नवी चाल धरली. लोकांच्या माना वळल्या. मानांमागे पाय वळायला लागले. सूर्य तलावापलीकडच्या शिंदीवर आला होता.

लटारूनं घागर कमरेवर नीट चढवली. उजवा हात पुढे केला, बोटं हलवून पाहिली.

"मनसाराम," तो म्हणाला, "आता थांबजो नको. हात पडला तरी थांबजो नको."

*

मंडईत माणूस जोडीनंच येतो. हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

लटारू ठुमकत गर्दीत शिरला. दोन पोरी फुगडी घालत होत्या. त्यानं एकीचा हात धरला. दंडारीतल्या बाईनं धरलेला हात. ढोलकी चालू. देवी बघते आहे. पोरगी खिदळली आणि नाचायला लागली. तिच्या मैत्रिणीचा एक हात मोकळा पडला, तिनं तो बांगड्या भरून घेणाऱ्या बाईला दिला. कासारानं बाईचा दुसरा हात धरलेला होता, तो त्यानं सोडला नाही, कारण आता सोडता येणार नव्हता. कासाराचा हात मोकळा. त्यानं धरला बैलांच्या सौद्यातला हात. दोघे व्यापारी शेल्याखाली बोटं धरून भाव ठरवत होते, ठरता ठरता शेला उडाला आणि भाव अर्धाच राहिला. व्यापाऱ्यानं भेटायला आलेल्या विहिणी धरल्या. विहिणींनी एकमेकांना सावरत चाललेले दोन दारुडे धरले. दारुडे साखळीत उभे राहिले तसे सरळ उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना दोन्ही बाजूंनी आधार होता.

साखळी मोहाच्या झाडाला वळसा घालून पलीकडे गेली. पोचूच्या रिंगणाभोवतीचे बघे जोडीजोडीनं उघडत गेले. रिंगणातले नाचे गेले. टाळकरी गेले. पोचूचा ढोलकीवाला एका हातानं वाजवायला बघत होता, मग त्याचाही तो हात गेला. शेवटी पोचू स्वतः भाता सोडून उठला, कारण एका म्हातारीनं त्याच्याकडे हात केला होता, आणि म्हातारीला नाही म्हणायची सोय नव्हती.

आता मंडईत एकच ढोलकी वाजत होती.

साखळी पाळीवर चढली. पाळीवरून खाली उतरली. टोक पाण्यात शिरलं, गुडघाभर पाण्यातून फिरून बाहेर आलं, ओली लुगडी, ओली धोतरं, सगळ्यांचे पाय मनसारामच्या ठेक्यावर. गोंडांच्या वस्तीवरून आलेल्या पोरी जोडीला लागल्या आणि ठेका त्यांच्या बाजूनं जरा बदलला. साखळीनं तोही उचलला.

पोचू लटारूच्या समोरून गेला, एका बाजूला ती म्हातारी, दुसऱ्या बाजूला मुखरू.

"लटारू, सोड बे."

"ढोलकी चालू हाये, पोचू. हात नाई सुटत."

"माह्या पेटीजवळ कोनी नाई."

"दिसून राह्यलं मले," लटारू म्हणाला, आणि इतकं गोड हसला की पोचूलाही क्षणभर ते बाईचंच वाटलं.

तेवढ्यात साखळी अडली.

धक्का टोकाकडून आला आणि माणसामाणसातून लटारूपर्यंत पोचला. तिकडे टोकाचा माणूस, घनश्यामच तो, मोकळा हात घेऊन जोडी शोधत होता, आणि त्याच्या हाताला लागली रंभा. रंभेच्या डोक्यावर उरलेल्या शिंगाड्यांचं टोपलं. एक हात टोपल्याला. एकच हात रिकामा. तिनं तो घनश्यामला दिला. पुढे कोणाला द्यायला हात नव्हता.

"टोपलं खाली ठेवा ना, बाई," घनश्याम म्हणाला.

"अन तू खाऊन टाकशीन?"

साखळी तिथेच संपली.

केवळराम साखळीच्या मधोमध होता, एका बाजूला आणखी एक कासार, दुसऱ्या बाजूला आणखी एक विहीण. त्यानं टोकाकडे पाहिलं, मग मामाकडे पाहिलं. घागर आणि टोपलं. एक हात आणि एक हात. तो दोघांच्या हातांना लोंबकळून उड्या मारायला लागला.

"मामा, थांबली. एका हाताचा मानूस आला का थांबते. सुरुवातीसारखाच शेवट हाये, मामा, दुसरं काईच नाई त्याच्यात."

"याले का झालं?" विहिणीनं कासाराला विचारलं.

"पास झाला वाट्टे," कासार म्हणाला.

लटारू हसला, आणि हसता हसताच त्याला ते दिसलं. पळसटोल्याच्या रिंगणाभोवती कोणी नव्हतं, हे खरं. पण चिचतळीच्या रिंगणाभोवतीही कोणी नव्हतं. सगळी मंडई नाचत होती. नाचणारा बघत नसतो. बघणारा अख्ख्या माळावर एकच उरला होता. ऊन सरकलं तसा सोमाजी पाटील झाडाच्या सावलीसावलीनं सरकत गेला होता, आणि आता नेमका पोचूच्या पेटीशेजारी उभा होता. पळसटोल्याचा बघ्या एक. चिचतळीचे शून्य.

सूर्य शिंदीच्या झाडामागे अर्धा गेला.

ढोलकी थांबवावी, तर साखळी सगळी पलीकडच्या अंगाला पसरलेली. हात सुटले की लोक असतील तिथेच उभे राहणार, पोचूच्या दारात. रंभेचं टोक बंद. ती टोपलं ठेवणार नव्हती, आणि लटारूला ते माहीत होतं, कारण त्यानं तिच्याशी लग्न केलं होतं. साऱ्या साखळीत एकच हात उरला होता जो मोकळा होऊ शकत होता. तो घागरीखाली होता.

लटारू साखळीला ओढत मोहाच्या झाडाकडे निघाला. सगळी मंडई त्याच्यामागे वळली. झाडाजवळ येऊन तो वाकला आणि घागर खाली ठेवली.

मनसारामचा ठेका एक क्षण डळमळला. बायांमध्ये कुजबुज झाली. लुगडं नेसलेला, मिशी काढलेला, खांद्यानं रुंद असा एक ढिवर पाटलासमोर उभा होता, आणि त्याच्या अंगात कुठेही बाई नव्हती. त्यानं डावा हात पुढे केला. घागरीच्या काठाचा लाल वण त्याच्या मनगटावर उठला होता.

"नाई धरनार, मामा," केवळराम लांबून ओरडला. "पुस्तकात लिहून हाये."

"रामराम, लटारू," सोमाजी पाटील लांबूनच म्हणाला. काठी छातीशी.

"रामराम, पाटील."

"मंडईत पंचाचा हात कोनी धरत नाई."

"नाईच धरत. म्हनून तं म्या पुढं केला. धराचा तं तुमीच धरा."

"माहा बाप कधी नाचला नाई, लटारू. आजाबी नाई."

"पाय तं नाचून राह्यला, पाटील."

सोमाजीनं खाली पाहिलं. त्याच्या उजव्या पायातला जोडा मातीत ठेका धरत होता. तिथे मातीत एक चांगला खळगा पडला होता. म्हणजे हे बराच वेळ चाललं होतं. पाटलानं सूर्याकडे पाहिलं. एक कड शिल्लक होती. मग त्यानं माळभर पसरलेल्या त्या ओल्या, धुळीनं भरलेल्या, दात काढणाऱ्या माणसांकडे पाहिलं, ज्यांच्यातल्या एकाचाही हात त्यानं या दिवशी कधी धरला नव्हता.

काठी त्यानं काखेत धरली. हात धोतराला पुसला. आणि दिला.

त्याचा हात मऊ होता, थंड, आणि घट्ट. फार घट्ट. लटारूला वाटलं, हा आता ढोलकी थांबल्यावरही सुटायचा नाही.

"निकाल?" पोचू तलावाकडून ओरडला.

"कोन देनार?" सोमाजी पाटील म्हणाला. त्याचं पोट ठेक्याच्या अर्धी मात्रा मागे हलत होतं. "पंच तं नाचून राह्यला."

पंच नाही, तर निकाल नाही. निकाल नाही, तर हार नाही. मनसारामनं ढोलकीचा पट्टा गळ्यात नीट ओढून घेतला आणि हात जरा जोरात टाकला. शिंदीमागची ती कडही गेली.

त्यानंतर सहा वर्षांनी, १९६२ साली, कॅनडातल्या एका प्रयोगशाळेत झेनॉनचं पहिलं संयुग तयार झालं.